दोनशे बारा व्होल्ट

३ नोव्हेंबर, सोमवार

बायको म्हणाली, रोज घरी आल्यावर माझ्या कानाशी जे ओकता ते एखाद्या वहीत ओका. शब्द तिचाच. तर ही वही.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. खोली गरम करायचे हीटर बनतात. एका टोकाला रंगाची भट्टी, तिच्या शेजारी तारेचं वाइंडिंग, म्हणजे दांड्यावर तार गुंडाळून कॉइल करायची जागा, त्याच्या शेजारी माझं तपासणीचं टेबल. भट्टीचा वास नाकातून मेंदूत जातो आणि दुपारपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतो. तो एक वेळ सोसला असता. पण वाइंडिंगला आहेत आमच्या वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. त्या आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहतात, आणि हे काम त्यांना मीच लावून दिलं. त्याचं फळ भोगतोय. तार निसटू नये म्हणून त्या बोटाला थुंकी लावतात. दिवसभर. जिभेवर बोट, तारेवर बोट. मग ती कॉइल माझ्या टेबलावर येते, मी करंट सोडतो, ती पहिल्यांदा तापते आणि तिचा वास येतो. कसला वास ते मला माहीत असतं. आज दुपारचा डबा तसाच परत आणला.

५ नोव्हेंबर, बुधवार

मालकांना सांगितलं, टेबल हलवा नाहीतर मी हलतो. इथे सगळे मला मास्तर म्हणतात, कारण आकडे माझ्याशिवाय कुणाला धड येत नाहीत. मालकांनाही ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत टेबल शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली. वायरमनने अडगळीतून जुनी बारीक वायर काढली, चाळीसेक मीटर, आणि जुन्या जागेशेजारच्या विजेच्या बोर्डापासून टेबलापर्यंत भिंतीने ओढली. उरलेली टेबलाखाली गुंडाळून ठेवली. ते वेटोळं बघूनच शिसारी येते, सगळं धुळीने माखलेलं. पण नाक मोकळं झालं.

करंटचा मीटर टेबलावर आणला. व्होल्टेजचा मोठा मीटर बोर्डात बोल्ट मारून बसवलाय, तो तिथेच राहिला. काही अडत नाही. सकाळी येताना नाकाला रुमाल लावून वाचायचा. २३० तर २३०, दिवसभर तेच धरायचे.

८ नोव्हेंबर, शनिवार

खिडकीतून हवा येते. तीन दिवस सुखाचे गेले, तपासायला माल नव्हता. आज सकाळी पहिला हीटर लावला, करंट सहा. दुसरा, सहा. तिसरा, सहाला जरासा कमी.

सहा म्हणजे काय ते इथे लिहून ठेवतो, कारण तिथे कुणाला सांगून उपयोग नाही. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे तारेचा रोध. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. आपला हीटर पंधराशे वॉटचा. २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर हवेत. तेव्हा रोध पस्तीस ओहमच्या आसपास येतो. आज आला ३८.३, आणि पॉवर १३८०. म्हणजे तार जास्त घातली आहे. चौथीत शिकलेल्या पोरालाही भागाकार करता येतो. वहिनींना बारा हात तार मोजता येत नाही.

तिन्ही नापास. रजिस्टरमध्ये लिहिलं: नापास, वाइंडरची चूक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आतापर्यंत सोळामधले पंधरा नापास. सोळावा पास झाला तोही काठावर. जेवायच्या सुट्टीत वहिनींना बाहेर बोलावलं, आत त्यांच्या जागेशी जायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, काय चाललंय? त्या म्हणाल्या, तक्त्याप्रमाणे बारा हातच घालते, भावजी, वेढेसुद्धा मोजते. मग पदराला हात पुसून त्यांनी पिशवीतून एक खिशात मावेल एवढा मीटर काढला. भावाचा जुना. तो लावला की पस्तीस दाखवतो म्हणे.

मला हसूच आलं. थंड तारेचं माप ते! हीटर थंड असताना कुणी वापरतं का? तापल्यावर जो रोध तोच खरा, आणि तो मी रोज व्होल्टेज-करंटवरून काढतो, दशांशाच्या दोन घरांपर्यंत. हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर म्हणाल्या, एकदा हीटर बोर्डापाशी आणून लावून बघा ना.

म्हणजे मी परत त्या घाणीत यायचं. यांची चूक आणि माझ्या नाकाला शिक्षा. साफ नाही म्हणालो. बारा हातांतला एक हात कापा, असा हुकूम दिला आणि टेबलाशी परत आलो. बोटं मात्र दिसलीच मला. टोकाला काळी पडलेली, ओली. रात्रीच्या पोळ्या याच हातांच्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एक हात कापल्याबरोबर साडेसहा. सगळेच्या सगळे पास. शिस्त लावली की लागते.

टेबलाखाली मांजर येऊन बसायला लागलंय. कुठली तरी लूत भरलेली मांजरी. त्या वायरच्या वेटोळ्यावरच बसते, अंग चाटते, केस सोडते. एवढी शेड पडलीय, पण बाईसाहेबांना तीच जागा हवी. दोनदा हाकललं, दोनदा आली. काठीने उचलून बाहेर टाकली तर काठीला केस. चहा प्यावासा वाटेना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तक्रारी आल्या. एका घरी हीटरचे प्लास्टिकचे पाय वितळले. दुसऱ्या घरी प्लग काळा पडला. तिसऱ्याच्या घरातला जळका वास जात नाही. मालक जळका हीटर हातात घेऊनच माझ्या टेबलाशी आले. त्या वितळलेल्या पायांना काय म्हणू, नाकातून वाहिल्यासारखे ओघळ होते. मला बघवेना.

त्यांनी रजिस्टर चाळलं. पंधरा ठिकाणी तेच: वाइंडरची चूक, वाइंडरची चूक. नंतरचे सगळे पास. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, आता तुम्हीच सांगा. चूक कुणाची?"

मी म्हटलं, वाइंडिंगची. तार कापून घ्यायला सांगितली होती, ती त्यांनी तेवढाच दांडा भरायचा म्हणून ओढूनताणून बसवली असणार. ताणली की कुठेतरी बारीक होते, तिथेच जास्त तापते. हे तर्काला धरून होतं. माझ्याकडे आकडे होते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरंही वाटलं, की चला, उद्यापासून ते बोट दिसणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वहिनींना आजपासून काम नाही. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं.  वहिनींनी पिशवी उचलली, तो मीटर आत टाकला आणि निघाल्या. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे मान खाली घालून कामात. मीही.

घरी बायको बोलत नाही. वहिनी स्वयंपाक करतात, वाढतात आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या खोलीत जातात. आधी आमच्याबरोबर बसायच्या. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. का ते कळत नाही, कारण किळस यायचं जे कारण होतं ते तर आता कामावर राहिलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बायकोने आज तोंड उघडलं ते एवढ्याचसाठी की वहिनींनी माहेरी आपल्या भावाला निरोप धाडलाय, एक तारखेला तो घ्यायला येईल. नवरा गेल्यावर काही महिने त्या तिथे होत्या, आणि त्या घरातून कशा आल्या ते मला ठाऊक आहे. भावजय उठताबसता टोमणे मारायची, पाय पसरायला जागा नव्हती, आणि दोन वेळच्या जेवणापुढे यांनी दिवसभर राबायचं. बायको म्हणाली, परत त्या उकिरड्यात. मी म्हटलं, मी काय करू, आकडे मी बनवत नाही.

ती उठून गेली. पाठमोरी सुद्धा ती माझ्याकडे तुच्छतेने बघू शकते, ही एक कला आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नवी वाइंडर आली. मोठ्या कारखान्यात दहा वर्षं काम केलेली, हातात रबरी मोजे, बोलणं स्वच्छ. म्हटलं सुटलो. तिने तक्त्याप्रमाणे बारा हात तार घालून पाच कॉइल पाठवल्या.

करंट सहा. पाचही नापास.

एक हात कापा म्हणून निरोप दिला तर ती स्वतः चालत आली. तक्ता दाखवला. म्हणाली, मी माझ्या हाताने अशी तार कापणार नाही, उद्या कुणाचं घर जळलं तर नाव माझं. दुपारी निघून गेली. चार तासांत. मालक माझ्याकडे बघत राहिले.

एवढ्या स्वच्छ बाईची सुद्धा तार जास्तच कशी भरते?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायला हात धजत नाही, पण वही त्यासाठीच आहे.

सकाळी वाइंडिंगच्या जागेवर मीच बसलो. रुमाल बांधून. तार मोजली, एकदा, दोनदा, तीनदा. बारा हात, एक बोटभर इकडेतिकडे नाही. तार निसटायला लागली. पाचव्या वेढ्याला माझं बोट आपोआप तोंडात गेलं. लाजेने आजूबाजूला बघितलं. तशीच गुंडाळून पुरी केली आणि टेबलाशी नेऊन लावली.

सहा.

माझी कॉइल. माझं माप. वाइंडरची चूक.

 मग वहिनींचं ते ‘बोर्डापाशी लावून बघा’ आठवलं आणि हीटर, करंटचा मीटर, सगळं काखोटीला मारून बोर्डापाशी गेलो. तिथेच लावलं. साडेसहा. परत टेबलावर आणलं. सहा. परत बोर्डापाशी. साडेसहा.

वायरमनकडून त्याचा छोटा मीटर मागितला आणि टेबलापाशी, हीटर चालू असताना, व्होल्टेज मोजलं. दोनशे बारा.

अठरा व्होल्ट त्या सडक्या बारीक वायरमध्ये जिरत होते. मी २३० धरून बसलो होतो. २१२ ला सहाने भागलं की पस्तीस येतात. वहिनींच्या पिशवीतल्या मीटरचे पस्तीस. त्यांची तार पहिल्यापासून बरोबर होती. टेबलाखाली हात घातला तर वायर कोमट. १०८ वॉट, मी मांजरीचं अंथरूण तापवत होतो.

आणि मी कापायला लावलेल्या? हिशोब करायची इच्छा नव्हती. केला. त्यांचा रोध ३२.४. लोकांच्या घरी पुरे २३० मिळतात, तिथे होतात १६३० वॉट. आणि पहाटे, जेव्हा कुणी काही वापरत नाही आणि व्होल्टेज २४५ पर्यंत चढतं, तेव्हा साडेअठराशे. पंधराशे वॉट असं छापलेल्या पट्टीखाली साडेअठराशे. नेमके पहाटेच लोक हीटर लावून झोपलेले असतात.

असे चौसष्ट हीटर बाहेर गेलेत. प्रत्येकावर माझी सही.

मोरीत जाऊन ओकलो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कुणालाच काही बोललो नाही. दिवसभर मूग गिळून बसलो. एक मन म्हणतं, वहिनी तर जाणारच आहेत, प्रकरण मिटलंय, गुपचूप टेबल परत हलवून घे. हे मन माझंच आहे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची बोटं बघत होतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मालकांना सांगितलं. दार लावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, अजून कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, कुणालाच नाही. ते हसले. म्हणाले, मग झालं तर. टेबल बोर्डापाशी आणा, वहिनींना सोमवारपासून परत बोलवा, वाइंडर नाहीये आणि थंडी तोंडावर आहे. रजिस्टरमध्ये खाडाखोड नको. गेलेले हीटर गेले.

मी "बरं" म्हणालो. आणि जीव भांड्यात पडला माझा. ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. चौसष्ट घरं, आणि मला हायसं वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

वहिनींची ट्रंक दाराशी बांधून ठेवलेली. उद्या त्यांचा भाऊ येणार. जेवणं झाल्यावर मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. वायर, अठरा व्होल्ट, सगळं. वास नको म्हणून टेबल हलवलं हेही. कसला वास ते मात्र सांगवलं नाही. बहुधा त्यांना माहीत असावं.

वाटलं रडतील, किंवा बोलतील चार शब्द. मी तयारीने आलो होतो. त्यांनी फक्त विचारलं, "मग ते हीटर लोकांच्या घरात अजून चालू आहेत?"

म्हटलं, हो.

"मालकांना सांगा, आधी ते बदलायचे. मग मी येते कामावर."

बायको मागे उभी होती. तिने जाऊन ट्रंकेची दोरी सोडली.

१ डिसेंबर, सोमवार

मालकांनी आदळआपट केली, पण वाइंडर दुसरी मिळत नाही. शेवटी कबूल झाले. दर रविवारी मी आणि वहिनी, दोघांनी घरोघर जायचं, कॉइल बदलायची, दहा मिनिटांचं काम. लोकांना सांगायचं की मोफत देखभाल आहे. आणि मला बोट रोखून बजावलं, चूक वगैरे शब्द काढायचा नाही, आणि कुठेही काही लिहून द्यायचं नाही. लिहून दिलंत तर त्या दिवसापासून तुम्ही माझ्याकडे नाही.

देखभाल! शब्द ऐकूनच तोंड कडू झालं. पण बदलायच्या कॉइल आधी गुंडाळायला हव्यात, म्हणून वहिनी आजच कामावर बसल्या; त्यांचा भाऊ एकटाच परत गेला. टेबल परत त्यांच्या शेजारी. त्या बोट ओलं करतात. मी खाली बघतो.

७ डिसेंबर, रविवार

सकाळपासून अकरा घरं. सगळीकडे देखभाल, देखभाल. लोक खूश. एक गृहस्थ म्हणाले, काय तापतो हो तुमचा हीटर, शेजाऱ्यांनाही हाच घ्यायला लावला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी त्या शेजाऱ्यांचा पत्ता टिपून घेतला.

बारावं घर दुसऱ्या मजल्यावरचं. एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पायाशी हीटर. तिची सून दारातच उभी राहिली, आत आली नाही. म्हातारीच्या दुलईचं टोक करपून तपकिरी झालेलं, वास अजून होता. वहिनी खाली बसून स्क्रू काढायला लागल्या तशी म्हातारी मला सांगायला लागली. हिने दुलई हीटरवर लोळवली. पंधरा दिवस झाले, मी हिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही, शेजारीण येऊन देते. मला जाळायलाच बघत होती. हे सगळं सुनेसमोर, तिच्याकडे बोट दाखवून, ओठ मुरडून. ते मुरडलेले ओठ बघून मला कसंतरी झालं. आरशात बघावं तसं.

सून म्हणाली, मी दोन हात लांब ठेवला होता. सांगून सांगून थकलेल्या माणसासारखं म्हणाली.

दोन हात लांब. पंधराशे वॉटला काही झालं नसतं. मला आकडा माहीत होता.

मी म्हटलं, "आजी, यांची चूक नाही. हीटर जास्त तापत होता. तपासणी माझी होती, मी चुकीची केली."

म्हातारीने ऐकलं न ऐकलंसं केलं. म्हणाली, तुम्ही लोक पटवून ठेवलेले असता. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सून मात्र आत आली. थेट माझ्यासमोर. मला वाटलं आता थोबाडीत देते, आणि दिली असती तर बरं झालं असतं.

"हे लिहून द्याल? संध्याकाळी हे घरी येतात. मी सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही."

मालकांचं रोखलेलं बोट आठवलं. थंडीचा मोसम, माझं वय, दुसरीकडे कोण घेणार, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. वहिनींचे हात थांबले होते. त्या मान वर करून बघत नव्हत्या.

पिशवीत हीच वही होती. मागचं पान फाडलं. लिहिलं: या घरातला हीटर ठरल्यापेक्षा जास्त पॉवरचा होता. दुलई करपली त्यात सूनबाईंचा दोष नाही. चूक तपासनिसाची. खाली सही, तारीख. तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

वहिनींनी नवी कॉइल बसवली, हीटर लावला, करंट बघितला. साडेसहा. स्क्रू आवळले. मग हात पदराला पुसले आणि उभ्या राहून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मलाही एक द्या, भावजी."

म्हटलं, तुम्हाला कशाला, तुम्ही तर परत कामावर आहात. त्या म्हणाल्या, रजिस्टरात अजून तसंच आहे. पंधरा वेळा. तुम्ही उंबऱ्यात उभं राहून बोललात, ते त्या भिंतीने ऐकलं. बस्स.

आवाज चढलेला नव्हता. मी जिन्यात, पायरीवर बसून दुसरं पान फाडलं. पहिलं कसं झरझर लिहून झालं होतं. हे लिहायला वेळ लागला. त्यात वायर आली, अठरा व्होल्ट आले, आणि टेबल मी का हलवायला लावलं तेही लिहिलं. कसला वास, तेसुद्धा. वहिनी बाजूला उभ्या राहून वाट बघत होत्या. कागद हातात घेतल्यावर त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, आणि त्या ओळीशी आल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही, कारण मला बघवलं नाही.

कागद त्यांनी पिशवीत, मीटरच्या डबीत ठेवला. मग म्हणाल्या, उद्या हा मालकांच्या टेबलावर ठेवणार आहे. मी म्हटलं, ठेवा.

आज बारा घरं झाली. बावन्न राहिलीत, त्यात ते शेजारीही. मालकांनी काढून टाकलं तरी पुढच्या रविवारी मी येईन असं वहिनींना सांगितलंय. त्यांनी उरलेल्या पत्त्यांची यादी मागून घेतली.